चुंबकाला ४१ टक्के चिकटतंय, मग ५८ टक्के आयर्नची गॅरंटी लिहून देऊ का?

अंबड_ड्रमवाला

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय म्हणून विचारतोय. अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, मॅग्नेटिक ड्रम सेपरेटर बनवतो. आजपर्यंतचं गिऱ्हाईक म्हणजे फाउंड्रीवाले आणि प्लास्टिक भंगारवाले, मालातून खिळे, नट, चुरा बाहेर काढायचा एवढाच विषय. मागच्या आठवड्यात एक पार्टी आली, डिकीतून काळ्या वाळूची गोणी काढून टेबलाशी ठेवली आणि म्हणाली ह्यातून आयर्न वेगळं करायचंय, तासाला १० टनाची मशीन द्या, पण कोटेशनमध्ये लिहून द्या की निघालेल्या मालात आयर्न ५८ टक्के असेल. आणि मॅग्नेट निओडिमियमचाच पाहिजे, सगळ्यात पॉवरफुल, कारण म्हणे पॉवर जास्त तेवढं आयर्न जास्त.

वाळू कुठली विचारलं तर "समुद्राकडची आहे, बाकी सौदा झाल्यावर". सोबत एका लॅबचा रिपोर्ट दिला, त्यात ५८ लिहिलंय खरं.

मी काय केलं, गोणीतली वरची १ किलो वाळू घेतली, गच्चीवर उन्हात वाळवली, ९३० ग्रॅम भरली. निओडिमियमचा बार प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवला तर ३८० ग्रॅम चिकटली. म्हणजे जवळजवळ ४१ टक्के. आता मला लोखंड चिकटतं की नाही एवढंच कळतं, खनिजातलं काही कळत नाही. ४१ टक्के चिकटतंय म्हणजे माल भारी आहे का? ५८ ची गॅरंटी द्यावी का? ऑर्डर मोठी आहे, सोडवत नाही आणि फसायचं पण नाहीये.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

भाऊ आधी हे बघा की ती "समुद्राकडची" वाळू गोदावरीकाठच्या सायखेड्याकडची तर नाही ना 😄 नदीतली असेल तर रॉयल्टीची पावती मागा, नाहीतर मशीन चालू व्हायच्या आधी तलाठी भाऊसाहेब येतील.

बाकी लहानपणी गंगाघाटावर चुंबकाला दोरा बांधून वाळूत ओढायचो, काळे केस उगवल्यासारखं चिकटायचं, तेव्हा वाटायचं आपण श्रीमंत होणार.

गंगाघाट

मिसळवाले, ते केस खरंच मॅग्नेटाइटच्या (चुंबकाला चिकटणारं आयर्नचं काळं ऑक्साइड) जातीचेच. आपला सगळा नाशिक जिल्हा बेसॉल्टवर बसलाय, ब्रह्मगिरीपासून खाली जो दगड झिजतो त्यात काळे चुंबकीय कण असतातच, पाणी हलकं वाहून नेतं आणि जड मागे ठेवतं. पण श्रीमंत होता येत नाही, का ते ड्रमवाल्या भाऊंच्याच प्रश्नात आहे.

(मी भूशास्त्र शिकवायचो, आता रिटायर, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

भाऊ, चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंड नव्हे. चिकटलं म्हणजे त्या कणात चुंबकाला ओढता येईल इतकं *काहीतरी* आहे. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये आयर्न ७२.४ टक्के असतं, पण ज्वालामुखीच्या दगडातून आलेल्या वाळूत शुद्ध मॅग्नेटाइट क्वचितच भेटतं. तिथे असतं टायटॅनोमॅग्नेटाइट, म्हणजे स्फटिकातच आयर्नच्या जागी टायटॅनियम बसलेलं. बेसॉल्टमध्ये नेहमी भेटणारं एक प्रमाण धरलं तर अगदी स्वच्छ, एकही दुसरा कण नसलेल्या मालात आयर्न ५९ टक्क्यांच्या आसपास येतं आणि टायटॅनियम डायऑक्साइड २१. म्हणजे तुमची मशीन देवाने बनवली तरी त्या वाळूतून ५९ च्या वर जाता येणार नाही, आणि ५८ गाठायला जवळजवळ शंभर टक्के स्वच्छ माल काढावा लागेल. कण दळून टायटॅनियम सुटं करू म्हणाल तर ते कणात काही मायक्रॉनच्या पट्ट्यांमध्ये असतं नाहीतर थेट स्फटिकाच्या जाळीतच विरघळलेलं असतं, तेवढं बारीक दळायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त.

दुसरी गोष्ट तुमच्या बारची. निओडिमियम फार जोरकस. तो मॅग्नेटाइट घेतोच, पण इल्मेनाइटही (आयर्न-टायटॅनियमचं खनिज) ओढतो, ज्या पायरॉक्सीनच्या (बेसॉल्टमधलं गडद हिरवट सिलिकेट) कणात मॅग्नेटाइटचा एक ठिपका अडकलाय तो अख्खा कणही ओढतो, आणि चिकटलेल्या कणांच्या साखळ्या बनतात त्यात साधी वाळू पण कैद होऊन येते. म्हणून ते ४१ टक्के म्हणजे चिकटलेल्या गर्दीची हजेरी आहे, त्यात पास किती ते वेगळं. तुमच्याकडे फेराइटचे ब्लॉक असतीलच, साधे काळे. ते घ्या आणि पाण्यात करा. ५०० ग्रॅम वाळू घमेल्यात पाण्यात ढवळायची, ब्लॉक पिशवीत घालून पाण्यातच फिरवायचा, चिकटलेलं दुसऱ्या भांड्यात पाण्यात सोडायचं, ढवळायचं, परत उचलायचं. असं तीनदा. प्रत्येक वेळी खाली किती करडी वाळू राहते ते बघा, मग कळेल पहिल्या फेरीत किती फुकटे आले होते.

आणि एक काम करा, सोनाराकडचं भिंग मिळतं ना १० पटीचं, त्याखाली वाळू बघा आणि रंग सांगा. गुलाबी कण आहेत का, हिरवट काचेसारखे आहेत का, पांढरे किती. आणि थोड्या वाळूवर लिंबू पिळा, फेस येतो का बघा. पार्टी सांगत नसली तरी वाळू सांगते कुठून आली ते.

सातपूर_फाउंड्री

गंगाघाट सरांनी खनिजाचं सांगितलं, मी गोणीचं सांगतो. भाऊ तुम्ही वरची १ किलो घेतली ना, तिथेच घोळ झाला. गोणी डिकीतून हादरत हादरत आली, जड आणि बारीक कण खाली जाऊन बसतात, त्यामुळे वरचा १ किलो म्हणजे गोणी नाही. आमच्याकडे हा मार खाल्लेला आहे, जुनी क्रोमाइट वाळू सिलिकात मिक्स झाली होती किती ते बघायचं होतं, पोराने ढिगाच्या कडेची वाळू टेस्टला दिली, रिपोर्ट भारी आला आणि कास्टिंगवर वाट लागली, नंतर त्याच ढिगाची नीट काढलेली टेस्ट निम्म्याहून वेगळी.

ताडपत्री अंथरा, अख्खी गोणी ओता, फावड्याने उलटसुलट करा, मध्ये शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून भाकरीसारखा चपटा करा, फावड्याने चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेकून द्या, उरलेले दोन परत एकत्र. किलोभर राहीपर्यंत हेच. कंटाळवाणं आहे पण लॅबला दोन-चार ग्रॅम जाणार असतात आणि त्या दोन-चार ग्रॅमवर तुम्ही दहा टनाचं मशीन विकणार आहात. ह्याच्यात आळस करायचा नाही.

आणि वाळवायची तर नीट, हाताला कोरडी लागते म्हणजे कोरडी नसते. समुद्राची असेल तर मीठ ओल धरून ठेवतं. तुमची ७ टक्के ओल उन्हात गेली, तव्यावर मंद गरम करून परत वजन करा, अजून उतरेल थोडी. सौदा टनावर असेल तर ती ओल म्हणजे पाण्याचे पैसे. आणि तो रिपोर्ट इथे टाईप करा ना, कोणत्या नावाखाली ५८ आहे ते.

अंबड_ड्रमवाला

दोघांचे आभार. रिपोर्ट बघून टाईप करतोय. "फेरिक ऑक्साइड ५८.१, सिलिका १७.४, टायटॅनियम डायऑक्साइड १०.९, एलओआय उणे १.३" आणि खाली लिहिलंय "आणून दिलेल्या नमुन्यापुरतं". लॅबचं नाव देत नाही, त्यांचा काही दोष नसेल.

भिंग सराफ बाजारातून आणलं, दुकानदार म्हणाला हिरे बघता का. बघितलं. काळे चकचकीत कण खूप, बाटलीच्या काचेसारखे गडद हिरवे पण खूप, पांढरे कमी, गुलाबी एकही नाही. शिंपल्याचे बारीक तुकडे आहेत, लिंबू पिळल्यावर तेच फसफसले.

गंगाघाट

अहो मग हा तर सरळ हिशोब आहे, तुमच्या पार्टीने "फेरिक ऑक्साइड ५८" ला "आयर्न ५८" वाचलंय! एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी घटक मोजणारी) सगळं आयर्न ऑक्साइड म्हणून छापते. त्याला ०.७ ने गुणा (नेमकं ०.६९९), आयर्न आलं ४०.६. म्हणजे रिपोर्टमध्येच ५८ नाहीये. हे मुद्दाम की चुकून ते तुम्ही ठरवा, पण मी कॉलेजात असताना एमएस्सीची पोरं पण ही चूक करायची त्यामुळे लगेच चोर म्हणू नका.

एलओआय, म्हणजे तापवल्यावर होणारी वजनातली घट, उणे बघून घाबरू नका. नमुना भट्टीत तापवल्यावर ओल-चुना गेला तर वजन घटतं, पण मॅग्नेटाइट असेल तर ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हेमेटाइट होतं आणि वजन *वाढतं*, शुद्ध मॅग्नेटाइटचं साधारण ३.४ टक्के वाढतं. त्यामुळे उणे एलओआय म्हणजे आत खरोखर मॅग्नेटाइट जातीचं काही आहे, हा भाग चांगला. फक्त शिंपल्यांमुळे उलट्या बाजूला पण ओढतंय, म्हणून १.३ वरून प्रमाण काढत बसू नका.

आता वाळू. शिंपले म्हणजे समुद्रकिनारा, ते पार्टी खरं बोलली. हिरवट काच म्हणजे पायरॉक्सीन, कदाचित ऑलिव्हिनही, म्हणजे ज्वालामुखी किनारा. गुलाबी नाही म्हणजे गार्नेट नाही, म्हणजे केरळ-तामिळनाडू-ओडिशाच्या बाजूची बहुधा नव्हे, तिकडची वाळू जुन्या ग्नाइससारख्या खडकांतून येते, गार्नेट बहुतेक वेळा दिसतं. आपल्या कोकणातली असू शकते किंवा बाहेरच्या देशातली. आणि कोकणातली असेल तर सावध. आपल्याकडे समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतल्या खनिजांना अणुखनिजांचे नियम लागतात, कारण तिच्यात मोनाझाइट सापडू शकतं आणि त्यात थोरियम असतं. मोनाझाइट असलेले साठे २०१९ पासून सरकारी कंपन्यांसाठीच राखीव आहेत. तुम्ही मशीन विकणारे, पण वाळू कुठली हे लेखी घेतल्याशिवाय अॅडव्हान्स घेऊ नका.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. त्या हिरव्या पायरॉक्सीनमध्ये पण आयर्न असतं, पण चुंबकाला न येणारं, सिलिकेटमध्ये बांधलेलं. लॅबचा आकडा म्हणजे *एकूण* आयर्न. तुमचा ड्रम फक्त चुंबकीय आयर्न काढणार. बाकीचं टेलिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या वाळूत, जाणार आणि पार्टी तुम्हाला फोन करणार की तुमच्या मशीनमधून आयर्न वाया जातंय.

छत्रपूर_रिटर्न

शेवटच्या ओळीला हजार लाइक. मी ओडिशात गंजाम जिल्ह्यात छत्रपूरला सँड प्लांटवर कॉन्ट्रॅक्टरकडे मेंटेनन्सला होतो सहा वर्षं, आता नाशिकरोडला असतो. तिथे टार्गेट इल्मेनाइट, तुमचं टार्गेट वेगळं, पण भांडणं तीच.

आधी एक समजून घ्या भाऊ, "चांगली वाळू" असं काही नसतं, कोणासाठी चांगली ते विचारा. आमच्याकडे टायटॅनियमसाठी खटाटोप. ओडिशाच्या इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड ५० टक्के, तामिळनाडूतल्या मनवलाकुरिचीचं ५५, केरळातल्या चवराचं ६०, आणि बाजारात चवराचा भाव. आता गंमत बघा, कागदावर शुद्ध इल्मेनाइटमध्ये ते ५२.६ च असतं, मग ६० कसं? तर हजारो वर्षं पावसापाण्याने आयर्न धुऊन गेलंय, टायटॅनियम मागे राहिलंय. म्हणजे जो कण झिजला तो महाग. आणि तुमची पार्टी आयर्न विकायला बसलीये तिथे हेच टायटॅनियम म्हणजे डोकेदुखी, ब्लास्ट फर्नेसमध्ये टायटॅनियम जास्त गेलं की स्लॅग (वितळलेली मळी) घट्ट होतो, भट्टीतून निघता निघत नाही. न्यूझीलंडमध्ये पूर्ण पोलाद कारखाना काळ्या वाळूवर चालवला, ग्लेनब्रुकला, पण त्यांनी ब्लास्ट फर्नेसचा नादच सोडला, रोटरी किल्नमध्ये कोळशाबरोबर भाजून मग इलेक्ट्रिक भट्टीत वितळवायचं. त्यांचं कॉन्सन्ट्रेट (वाळूतून वेगळा काढलेला माल) ५७ च्या आसपास आयर्न आणि ८ च्या आसपास टायटॅनियम डायऑक्साइड. व्हॅनेडियमवाला स्लॅग पण वेगळा काढून विकायचे. म्हणून पार्टीला विचारा, माल कोण घेणार आहे? सिमेंटवाला असेल तर त्याला थोड्या टायटॅनियमची फिकीर कमी, कोळसा धुणाऱ्या वॉशरीला पाणी दाट करायला मॅग्नेटाइट लागतं तिथे आयर्नपेक्षा घनता आणि बारीकपणा बघतात, स्टीलवाला असेल तर तो टायटॅनियमचा आकडा बघून गेटवरून परत पाठवेल.

दुसरं, गोणी भरली कुठून. किनाऱ्यावर भरतीच्या मोठ्या लाटा, खास करून पावसाळ्यात, हलकी वाळू ओढून नेतात आणि काळी वर राहते, चार बोटं, कधी वीतभर. दुधावरची साय म्हणा. नवखा माणूस जातो, काळाभोर किनारा बघतो, फावड्याने साय भरतो, रिपोर्ट काढतो आणि अख्ख्या किनाऱ्याला त्याच आकड्याने गुणतो. आम्ही ऑगर (जमिनीत भोक पाडायचं गिरमिट) मारायचो, ग्रिड आखून, ठराविक अंतरावर, प्रत्येक अर्ध्या मीटरचा नमुना वेगळ्या पिशवीत, पाणी लागेपर्यंत आणि त्याच्या खाली. वर काळं आणि कोपरभर खाली गेलं की करडं, हे इतक्यांदा बघितलंय की काळा किनारा बघून आनंदच होत नाही आता. लॅबमध्ये मग ती वाळू ब्रोमोफॉर्ममध्ये टाकायची, २.८९ घनतेचं द्रव आहे, क्वार्ट्झ तरंगतो आणि जड खनिज बुडतं. वास गोडसर पण विषारी, घरी करायचं नाही, सांगून ठेवतो कारण ड्रमवाले भाऊ गच्चीवर प्रयोग करतायत.

त्याऐवजी घनता पाण्याने काढा. चुंबकाने धुऊन काढलेला माल सुकवून १०० ग्रॅम घ्या, मोजपात्रात बरोबर १०० मिली पाणी, त्यात साबणाचा एक थेंब नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटतात, माल हळूहळू सोडा, पाणी किती चढलं बघा. क्वार्ट्झ २.६५, पायरॉक्सीन ३.३ च्या आसपास, इल्मेनाइट ४.७, मॅग्नेटाइट ५.२. पाणी २० मिलीच चढलं तर माल स्वच्छ, २५ चढलं तर निम्मी फसवणूक.

अंबड_ड्रमवाला

सगळं केलं. तीन दिवस गेले, वर्कशॉपमधला पोऱ्या म्हणतो शेठ वाळूचा धंदा करायचाय का.

गोणी ताडपत्रीवर ओतून चार भाग करत करत किलोवर आणली. तव्यावर सुकवून ५०० ग्रॅम घेतली. पाण्यात फेराइट ब्लॉकने तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत २०० च्या वर आलं होतं, दुसऱ्या फेरीत खाली करडा गाळ राहिला, तिसऱ्याला पाणी जवळजवळ स्वच्छ. शेवटी सुकवून १३४ ग्रॅम. म्हणजे २६.८ टक्के. ४१ चे २७ झाले राव. घनतेला १०० ग्रॅमवर पाणी २२ मिली चढलं, म्हणजे ४.५५.

मग म्हटलं आता सुरुवात केलीच आहे तर एक्सआरएफ पण करून घेऊ. स्वतः तीन पिशव्या बांधून, वर नुसते नंबर टाकून पाठवल्या, कोणती काय ते लॅबला सांगितलंच नाही. ऑक्साइडचं आयर्न मीच करून घेतलं:
कच्ची वाळू २३.४
चुंबकाचा माल ५२.८ (टायटॅनियम डायऑक्साइड १४)
उरलेली वाळू १२.३

म्हणजे पार्टीच्या रिपोर्टमधला नमुना आणि ही गोणी एकच नाही का? तिकडे ४०, इकडे २३.

आणि उरलेल्या वाळूत १२ टक्के आयर्न आहे ते माझ्या ब्लॉकने सोडलं का? चौथ्या फेरीत निओडिमियम लावून बघू का?

गंगाघाट

भाऊ तुम्ही माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं काम केलंत, नंबर टाकून पाठवलं हे तर फारच छान.

आधी आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघू. कच्च्यातून उरलेल्याचं वजा करा, २३.४ वजा १२.३ म्हणजे ११.१. मालातून उरलेल्याचं वजा करा, ५२.८ वजा १२.३ म्हणजे ४०.५. पहिल्याला दुसऱ्याने भागा, २७.४ टक्के. म्हणजे नुसत्या एक्सआरएफच्या आकड्यांवरून १०० किलोत २७.४ किलो माल निघायला पाहिजे आणि तुमच्या तराजूने सांगितलं २६.८. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच गावात पोचलो, आता ह्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता आयर्नची रिकव्हरी. १०० किलो वाळूत २३.४ किलो आयर्न, मालात आलं १४.५ च्या आसपास. म्हणजे ६२ टक्के. कागदावर बघणाऱ्याला वाटेल ३८ टक्के आयर्न मशीनने सोडलं. सोडलं नाही, ते पायरॉक्सीनमधलं आहे, चुंबकाचं नव्हतंच. निओडिमियम लावाल तर त्यातले ठिपकेवाले कण ओढाल, रिकव्हरी ७० च्या वर जाईल आणि मालाचं आयर्न ५२ वरून ४५ वर आलं तर मला नवल वाटणार नाही. पार्टी म्हणते पॉवर जास्त तेवढं आयर्न जास्त. टनांच्या हिशोबाने खरं, टक्क्यांच्या हिशोबाने बरोबर उलटं.

घनता ४.५५ म्हणजे मालात अजून १५ टक्क्यांच्या आसपास पायरॉक्सीन-बिरॉक्सीन आहे, कणांना चिकटलेलं. थोडं दळून परत फेराइट फिरवलात तर ५२.८ चे ५५-५६ होऊ शकतील, पण १४ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड दिसतंय, ते बहुतेक कणाच्या आतलं आहे, ते हलणार नाही. ५८ विसरा.

रिपोर्टच्या नमुन्याबद्दल, मला वाटतं कोणीतरी किनाऱ्यावर वाळू परातीत धुऊन, हलकी फेकून, उरलेली लॅबला दिली. फसवायलाच असं नाही, लोकांना वाटतं "घाण" काढून दिली तर बरं.

छत्रपूर_रिटर्न

हे घ्या, कोटेशन असं लिहा. टक्क्याची गॅरंटी द्यायचीच नाही. "ग्राहकाने सही-शिक्क्यासह दिलेल्या नमुन्यावर डेव्हिस ट्यूबने जेवढा चुंबकीय भाग निघेल, त्याच्या इतके टक्के आमचा ड्रम काढेल" असं लिहायचं, टक्का तुमच्या हिमतीप्रमाणे टाका. डेव्हिस ट्यूब म्हणजे काचेची तिरकी नळी, दोन बाजूला इलेक्ट्रोमॅग्नेट, आतून पाणी, नळी हलत राहते, तुम्ही घमेल्यात केलं तेच पण नियमात बसवलेलं. नागपूरला हिंगण्याला आयबीएमची (इंडियन ब्युरो ऑफ माइन्स) खनिज प्रक्रियेची लॅब आहे, तिथे चौकशी करा. नमुन्याचा एक भाग सील करून स्वतःकडे ठेवा, एक पार्टीकडे. उद्या भांडण झालं की दोन्ही सील पंचांसमोर फोडायचे.

ड्रम ओला द्या, सुका नको. किनाऱ्याची वाळू सुकवायला डिझेल जाळेल तो आणि दर टनाला रडेल. आणि फेराइटच. पुढे चाळणी द्या, शिंपले आणि काड्या तिथेच अडतील. समुद्राचं पाणी वापरणार असेल तर स्टेनलेस कोणतं ते आधी ठरवा, मी तिथे सहा वर्षांत जेवढे नटबोल्ट गंजलेले बदललेत तेवढे जेवणात पापड नाही खाल्ले.

आणि त्याला म्हणा एक गोणी मीटरभर खालची आण.

सातपूर_फाउंड्री

+१, खालची गोणी. आणि ती भरताना मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, खड्डा दिसला पाहिजे.

अंबड_ड्रमवाला

अपडेट देतो, उशीर झाला.

पार्टीला आकडे दाखवले. ऑक्साइडचं समजावलं तर पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले आम्ही पुढच्या माणसाला ५८ बोलून बसलोय. वाळू कुठली ते अजून तोंडानेच सांगतात, लेखी नाही. पण खालची गोणी आणली, खड्ड्याच्या व्हिडिओसकट. वरची वीतभर काळी, खाली करडी, छत्रपूर भाऊ तुम्ही म्हणालात तस्सं. तीच पद्धत, ताडपत्री, चार भाग, फेराइट, तीन फेऱ्या. ५०० ग्रॅममधून ४५ ग्रॅम. ९ टक्के.

म्हणजे वरच्या गोणीच्या हिशोबाने एक टन मालाला पावणेचार टन वाळू लागत होती, खालच्याने ११ टन. तासाला १० टनाच्या मशीनमधून टनभर पण माल निघणार नाही, हे मी त्यांच्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. ते म्हणाले विचार करून सांगतो. मी कोटेशन दिलंय, डेव्हिस ट्यूबची अट घालून, फेराइटचा ओला ड्रम, वाळूच्या जागेचे कागद जोडल्याशिवाय अॅडव्हान्स घेणार नाही असं लिहून. टेस्टिंगचे पैसे पण लावलेत, तेवढे मात्र त्यांनी लगेच दिले, आता त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

अर्थ असा की मिसळ तुमच्याकडून. दिंडोरी रोडला या, सगळ्यांना.

अंबड_ड्रमवाला

मिसळ नक्की, पण आत्ता घरी वेगळंच चालूय. पहिल्या दिवशी गच्चीवर वाळू वाळत घातली होती ना, तिथेच बाजूला आईच्या कुरडया होत्या आणि दुपारी वारं सुटलं. पांढऱ्या कुरडयांवर काळी रेती. आई म्हणाली तू चुंबकवाला ना, मग काढ. दोन संध्याकाळी पिशवीत ब्लॉक घालून फिरवतोय, काळे कण पटापट निघाले. हिरवे राहिलेत.

गंगाघाट

ते पायरॉक्सीन. आईंना सांगा रिकव्हरी ६२ टक्के.